ठोका सावरला, ताकद कधी परतणार?

हृदयाचे ठोके अनियमित झाले म्हणून पेण किंवा रोह्याचा रुग्ण मुंबई अथवा नवी मुंबईच्या रुग्णालयात दाखल होतो. विजेचा सौम्य झटका, नलिकेद्वारे केलेली प्रक्रिया, पेसमेकर किंवा निव्वळ औषधे यांपैकी जो उपाय योग्य असेल तो केला जातो. ईसीजीचा आलेख सुधारतो आणि दोन-चार दिवसांत रुग्ण घरी परततो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. बाजारात जाऊन येईपर्यंत दम लागतो, दुपारी अंग गळून जाते, एक जिना चढला की छातीत धडधड होते. ‘ठोके तर नीट झाले, मग अंगात जीव का नाही?’ असा प्रश्न रुग्णाला आणि घरच्यांनाही पडतो.

या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्याने दोन चुका हमखास घडतात. काही घरांत रुग्णाला महिनोन्महिने पलंगावरून उठू दिले जात नाही. काही घरांत तो पंधरा दिवसांत पुन्हा शेतावर, कारखान्यात किंवा कार्यशाळेत पूर्वीच्या जोमाने उभा राहतो आणि पुन्हा आजारी पडतो. ठोक्यांची लय काही मिनिटांत पूर्ववत करता येते. शरीराची ताकद परतायला मात्र आठवडे आणि महिने लागतात. ती नुसत्या विश्रांतीने येत नाही, टप्प्याटप्प्याने वाढविलेल्या हालचालीने येते. उपचार मुंबईत होत असला तरी ही हालचाल पेण-रोह्यातच करावी लागते. म्हणून तिचे शास्त्र रुग्णाने आणि कुटुंबाने समजून घेणे आवश्यक आहे.

लय बिघडते म्हणजे काय होते?

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका आणि खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात. उजव्या कर्णिकेतील एका छोट्या पेशीसमूहातून विजेचा संदेश निघतो, तो ठरलेल्या वाटेने खाली जातो आणि हृदय आकुंचन पावते. विश्रांतीच्या अवस्थेत हे मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा घडते. ही वाट बिघडण्याचे प्रकार अनेक आहेत. प्रौढ वयात सर्वाधिक आढळणारा गंभीर प्रकार म्हणजे ‘एट्रियल फिब्रिलेशन’. यात कर्णिका मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसत्या थरथरतात, नीट आकुंचन पावत नाहीत. त्यातील काही संदेश खाली झिरपतात आणि नाडी वेगवान व बेताल होते.

कर्णिकांच्या आकुंचनाने जवनिकांत जाणारे रक्त हे एकूण भरणाच्या साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडे अधिक असते. ते मिळेनासे झाले की प्रत्येक ठोक्याला शरीराकडे कमी रक्त जाते. थकवा येतो तो त्यामुळे. शिवाय थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. या विकारात पक्षाघाताचा धोका साधारण पाचपटीने वाढतो.

उच्च रक्तदाब, स्थूलता, मधुमेह, मद्यपान, थायरॉइडचे विकार, झोपेत श्वास अडखळणे आणि वाढते वय ही या विकाराची प्रमुख कारणे होत. आपल्याकडे आणखी एक कारण अजून संपलेले नाही. बालपणी घशाच्या संसर्गानंतर होणाऱ्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसते आणि पुढे तरुण वयातच ठोके बेताल होतात. अशा रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असते.

उपचार काय साधतात आणि काय साधत नाहीत

या विकारावरील उपचारांचा इतिहास मोठा आहे. डिजिटॅलिस या वनस्पतीचे औषधी गुण विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. ईसीजीचे यंत्र विकसित करणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांना १९२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत बर्नार्ड लाउन यांनी विजेच्या नियंत्रित झटक्याने लय पूर्ववत करण्याची पद्धत रूढ केली. १९९८ मध्ये फ्रान्समधील मिशेल हायसाग्वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा शोध जाहीर केला. फुप्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या शिरांच्या मुखाशी असलेल्या पेशी बहुतेक वेळा या गोंधळाची ठिणगी टाकतात, असे त्यांनी दाखविले. आजची ‘अ‍ॅब्लेशन’ प्रक्रिया याच शोधावर उभी आहे. जांघेतील शिरेतून बारीक नलिका हृदयापर्यंत नेऊन शिरांच्या मुखाभोवतीच्या ऊती उष्णतेने, अतिशीत तापमानाने किंवा विद्युत स्पंदांनी निष्क्रिय केल्या जातात.

हे सर्व उपाय लय किंवा वेग सुधारतात. मात्र ज्या रक्तदाबाने, वजनाने किंवा निद्राविकाराने कर्णिका ताणल्या गेल्या, ती कारणे तशीच राहतात. गेल्या अनेक महिन्यांत अशक्त झालेले स्नायूही आपोआप बळकट होत नाहीत. म्हणून प्रक्रिया यशस्वी होऊनही रुग्ण थकलेला असू शकतो. त्याला थकवा आहे याचा अर्थ उपचार फसला, असा नव्हे.

थकवा कोठून येतो?

पहिले कारण हृदयातच असते. दीर्घकाळ थरथरत राहिलेल्या कर्णिका लय पूर्ववत झाल्यावर लगेच पूर्ण जोराने आकुंचन पावत नाहीत. त्यांना काही आठवडे लागतात. ठोके फार काळ वेगवान राहिले असतील तर जवनिकाही दुबळ्या होतात. ही दुर्बलता बऱ्याच अंशी भरून येते, पण तिलाही काही महिने जावे लागतात. अ‍ॅब्लेशननंतर निष्क्रिय केलेल्या जागी सूज असते. त्यामुळे पहिल्या आठ ते बारा आठवड्यांत मधूनच धडधड होणे किंवा ठोका चुकल्यासारखे वाटणे बऱ्याच रुग्णांत आढळते. या काळातील धडधडीवरून प्रक्रियेच्या यशापयशाचा निर्णय केला जात नाही.

दुसरे कारण औषधांचे. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर गटातील औषधे ठोक्यांचा वेग आवरतात. त्यामुळेच चढ चढताना हृदयाला हवा तेवढा वेग घेता येत नाही आणि पाय जड वाटतात. अमिओडॅरोन या औषधात आयोडिनचे प्रमाण मोठे असते. त्याने थायरॉइड ग्रंथीचे काम कमी किंवा जास्त होऊ शकते आणि दोन्ही स्थितींत थकवा येतो. हे औषध चालू असेल तर दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताची तपासणी करून घ्यावी लागते. थकवा वाटतो म्हणून गोळी स्वतःच बंद करणे धोक्याचे आहे. मात्र मात्रा किंवा वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

तिसरे कारण रक्तातले. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांमुळे पोटात अल्पसा रक्तस्राव होत राहिला तर तो लवकर ध्यानात येत नाही, पण हिमोग्लोबिन घसरते. आधीच रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. झोपेत घोरणे आणि श्वास अडखळणे हे चौथे कारण होय. रात्री आठ तास अंथरुणात काढूनही सकाळी ताजेतवाने वाटत नसेल तर या विकाराची तपासणी करून घेणे इष्ट. पाचवे कारण भीती. छातीतील प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवणारे मन शरीराला थकविते आणि त्याच भीतीपोटी रुग्ण हालचाल टाळतो. सहावे आणि बहुधा सर्वांत मोठे कारण या टाळण्यातूनच जन्माला येते.

अतिविश्रांतीची किंमत

१९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. त्यांना तीन आठवडे अंथरुणात पडून ठेवण्यात आले. तेवढ्या काळात त्यांची श्रम करण्याची क्षमता एक-चतुर्थांशाहून अधिक घटली. याच पाच जणांची तीस वर्षांनंतर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ते पन्नाशीत होते. तीस वर्षांच्या वयाने जेवढी क्षमता कमी केली, त्याहून अधिक ती तारुण्यातील तीन आठवड्यांच्या अंथरुणाने कमी केली होती! पुढे सहा महिने क्रमाक्रमाने व्यायाम केल्यावर त्यांची क्षमता प्रयोगापूर्वीच्या तरुणपणीच्या पातळीला येऊन पोहोचली.

निरोगी तरुणांची ही स्थिती झाली, तर साठीतील हृदयरुग्णाचे काय होत असेल याची कल्पना करता येईल. ‘हृदयाचा आजार आहे, पाणीसुद्धा उठून घेऊ नका’ या घरगुती आज्ञेमागे माया असते, पण ती मायाच रुग्णाला अशक्त करीत जाते.

व्यायाम हा उपचाराचाच भाग

अनियमित ठोक्यांच्या रुग्णांनी व्यायाम करावा की नाही, याविषयी एके काळी डॉक्टरांतही संकोच होता. गेल्या काही वर्षांतील अभ्यासांनी तो बराचसा दूर केला आहे. नॉर्वेमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५१ रुग्णांपैकी निम्म्यांना बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली व्यायाम देण्यात आला. त्यांचा बेताल ठोक्यांत जाणारा वेळ ८.१ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आला. व्यायाम न करणाऱ्या गटात तो वाढला. ऑस्ट्रेलियातील ‘अ‍ॅक्टिव्ह-एएफ’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १२० रुग्ण होते. सहा महिन्यांच्या व्यायाम-कार्यक्रमानंतर वर्षअखेरीस व्यायाम करणाऱ्या गटातील ४० टक्के रुग्ण विकारमुक्त होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात हे प्रमाण २० टक्के होते. स्थूल रुग्णांवरील २०१५ च्या दुसऱ्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात, वजन दहा टक्के किंवा अधिक घटवून ते टिकविणाऱ्यांत विकारमुक्त राहण्याची शक्यता सहापट आढळली.

योगासनांचाही विचार झाला आहे. अमेरिकेत भारतीय वंशाचे हृदयविकारतज्ज्ञ धनंजय लक्कीरेड्डी यांनी केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४९ रुग्णांनी तीन महिने आठवड्यातून दोनदा योगाभ्यास केला. त्यांना जाणवणाऱ्या बेताल ठोक्यांच्या प्रसंगांची सरासरी संख्या ३.८ वरून २.१ वर आली, चिंता आणि नैराश्यही कमी झाले. हा अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावरून योगाने आजार बरा होतो असा दावा करता येत नाही. औषधांना पूरक म्हणून मात्र त्याचा उपयोग दिसतो.

याला दुसरी बाजूही आहे. स्वीडनमधील ९० किलोमीटरच्या बर्फावरील शर्यतीत वारंवार धावणाऱ्या खेळाडूंमध्ये ठोक्यांचे विकार अधिक आढळले आहेत. म्हणजे हालचालीचा अभाव जसा घातक, तसा दीर्घकाळ केलेला अतिरेकी श्रमही हितावह नाही. या दोहोंच्या मधली वाट रुग्णाने शोधावयाची असते.

पहिले तीन महिने

पुढील क्रम अ‍ॅब्लेशन किंवा विजेच्या झटक्यानंतर सुरळीत घरी आलेल्या रुग्णासाठी आहे. हृदयाचा पंप दुबळा असेल, झडपेचा विकार असेल किंवा अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर आधी डॉक्टरांची स्पष्ट परवानगी घ्यावी.

पहिल्या आठवड्यात अ‍ॅब्लेशनच्या रुग्णाने जांघेतील जखम जपावी. चार-पाच किलोंहून अधिक वजन उचलू नये, जोर करू नये, उकिडवे बसणे शक्यतो टाळावे. पाण्याची कळशी, गॅसचे सिलिंडर, नातवंड यांपैकी काहीही उचलू नये. घरातल्या घरात मात्र दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटे चालावे.

दुसऱ्या आठवड्यापासून सपाट रस्त्यावर दहा मिनिटे, दिवसातून दोनदा चालण्यास प्रारंभ करावा. त्यानंतर दर आठवड्याला तीन ते पाच मिनिटे वाढवीत सहाव्या आठवड्यापर्यंत सलग अर्ध्या तासापर्यंत पोहोचावे. आधी वेळ वाढवावा, नंतर वेग आणि सर्वांत शेवटी चढ. प्रत्येक वेळी पहिली आणि शेवटची पाच मिनिटे संथ चालावे. श्रम एकाएकी थांबविल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते आणि ठोकेही चुकू शकतात.

सहाव्या आठवड्यानंतर आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे साधे व्यायाम सुरू करता येतात. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, टाचा उचलणे हे दहा-दहा वेळा करावे. श्वास रोखून धरू नये. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस आठवड्याला एकूण दीडशे मिनिटे मध्यम गतीचे चालणे हे उद्दिष्ट बहुतेकांना साधते. एखादा दिवस वाईट गेला तर त्या दिवशी निम्मे चालावे, पण क्रम मोडू नये.

पेसमेकर बसविलेल्यांची पथ्ये थोडी निराळी आहेत. ज्या बाजूला यंत्र बसविले त्या बाजूचा हात चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर नेऊ नये. मात्र खांदा आखडेल इतका तो बांधूनही ठेवू नये. मोबाइल फोन यंत्रापासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर धरावा, त्या बाजूच्या खिशात ठेवू नये.

नाडीपेक्षा श्वासावर भरवसा

मनगटी घड्याळे आणि मोबाइलमुळे नाडीचा आकडा आता सतत डोळ्यांसमोर असतो. ‘२२० मधून वय वजा करा’ हे सूत्रही सर्वत्र सांगितले जाते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णाला ते लागू पडत नाही, कारण औषधाने वेग मुद्दाम रोखलेला असतो. ठोके बेताल असताना घड्याळाचा आकडाही फसवा असू शकतो.

त्यापेक्षा सोपी आणि भरवशाची कसोटी बोलण्याची आहे. चालताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर वेग थोडा वाढविण्यास हरकत नाही. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करावा. चालून आल्यावर दहा मिनिटांत श्वास पूर्ववत झाला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून आल्यासारखे वाटता कामा नये.

नाडी दिवसातून एकदा, सकाळी उठल्यावर पाहावी. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावी आणि ठोके एकसारखे आहेत का, याकडे लक्ष द्यावे. एका वहीत तारीख, नाडी, रक्तदाब, वजन आणि किती चाललो हे नोंदवावे. तपासणीच्या वेळी ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. रुग्णालाही तिचा धीर मिळतो. पहिल्या आठवड्यातील दहा मिनिटे आणि आठव्या आठवड्यातील पस्तीस मिनिटे एकाच पानावर दिसली की ‘काहीच फरक नाही’ ही भावना ओसरते.

पेण-रोह्याचे हवामान आणि कामधंदे

वरील क्रम कागदावर सोपा दिसतो. तो पाळताना स्थानिक परिस्थितीचा विचार करावा लागतो. मार्च ते मे या काळात खाडीकाठच्या पेण तालुक्यात आणि कुंडलिकेच्या खोऱ्यातील रोह्यात उकाडा व दमटपणा मोठा असतो. घाम वाळत नाही, शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात, त्याने ठोके बिघडू शकतात. या दिवसांत सूर्योदयाच्या सुमारास चालणे उत्तम. पाणी किती प्यावे हे हृदय दुबळे असलेल्या रुग्णाने डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

रायगड जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत रस्त्यावर चालणे अनेकदा अशक्य होते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने निसरड्या वाटेवर पडणे तर टाळलेच पाहिजे, कारण डोक्याला लागल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पडवी, ओटी, देवळाचा सभामंडप किंवा इमारतीचा लांब व्हरांडा येथे येरझाऱ्या घालूनही तेवढाच लाभ होतो. पावसाळ्यात क्रम तुटला की गणपतीनंतर पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो, हे ध्यानात ठेवावे.

कामावर केव्हा परतावे, हे कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. पेण शहर आणि हमरापूर-जोहे परिसरातील गणेशमूर्तींच्या कार्यशाळांत बैठे काम बरेच असते. आखणी आणि रंगकामासाठी एखादा कारागीर दोन आठवड्यांनी अर्धा दिवस बसू शकेल. पण दर तासाला उठून पाच मिनिटे चालणे आवश्यक आहे. मोठ्या मूर्ती उचलणे आणि हलविणे काही आठवडे दुसऱ्यांवर सोपवावे. उत्सवापूर्वीच्या महिन्यांतील जागरणे हा त्याच्यासाठी खरा धोका आहे. अपुरी झोप ठोके बिघडविण्यास पुरेशी ठरते. उजव्या हाताने काम करणाऱ्या कारागिराच्या उजव्या बाजूला पेसमेकर बसवायचा असेल, तर आपल्या कामाची कल्पना डॉक्टरांना आधीच दिलेली बरी.

रोह्यानजीकच्या धाटाव औद्योगिक क्षेत्रातील कामगारांपुढे पाळ्यांचा प्रश्न असतो. पहिले काही आठवडे रात्रपाळी टाळता आली तर उत्तम. पेसमेकर असलेल्यांनी वेल्डिंगची यंत्रे, मोठ्या मोटारी आणि जनित्रे यांच्याजवळ काम करण्यापूर्वी डॉक्टरांचे लेखी मत घेऊन ते कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे. उंचावर किंवा फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याला भोवळ येत असेल तर ती पूर्ण थांबेपर्यंत ते काम करू नये.

भातलावणी हे तर सर्वांत कष्टाचे काम. तासन्‌तास वाकून, चिखलातून पाय उपसत करावयाचे हे काम तीन महिने पूर्ण होण्याआधी हाती घेऊ नये. रोह्याजवळचा अवचितगड किंवा पेणजवळचा सांकशीचा किल्ला चढण्याची हौस असलेल्यांनीही तेवढा धीर धरावा. सपाट रस्त्यावर पाऊण तास विनासायास चालता येऊ लागले आणि डॉक्टरांनी संमती दिली की मग सोबतीने, थांबत थांबत चढावयास हरकत नाही.

ताटातील मीठ आणि पेल्यातील विष

पेणचे पापड, पोहे आणि मिरगुंडे प्रसिद्ध आहेत. सुके बोंबील आणि सुकट यांशिवाय पावसाळ्यातले कोकणी जेवण पुरे होत नाही. परंतु पापड, लोणचे आणि खारवलेली मासळी यांतून पोटात जाणारे मीठ रक्तदाब वाढविते आणि वाढलेला रक्तदाब कर्णिकांना पुन्हा ताणतो. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, याहून कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड रोजच्या ताटातून काढून सणावारापुरता ठेवला तरी मोठा फरक पडतो.

मद्याबाबत पुरावा स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियात १४० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मद्य सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांत विकार पुन्हा उद्भवला, पीत राहिलेल्यांत ७३ टक्क्यांत. ताडी असो वा विदेशी मद्य, हृदयाच्या दृष्टीने त्यात भेद नाही. तंबाखू आणि मिश्रीही सोडणे आवश्यक आहे.

वॉरफरिन किंवा असेनोकुमरॉल घेणाऱ्या रुग्णांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. या औषधांचा परिणाम ‘क’ जीवनसत्त्वाने नव्हे, तर ‘के’ जीवनसत्त्वाने बदलतो आणि ते हिरव्या पालेभाज्यांत विपुल असते. पावसाच्या प्रारंभी टाकळा, कुरडू, भारंगी अशा रानभाज्या घरोघर येतात. वर्षभर पालेभाजी बेताने खाणाऱ्याने या दिवसांत ती एकाएकी रोज खाल्ली तर औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो. भाजी वर्ज्य करण्याचे कारण नाही, प्रमाण मात्र बाराही महिने सारखे ठेवावे आणि आयएनआर ही रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या रुग्णांसाठी आजही याच गटातील औषधे योग्य मानली जातात. भारतासह २४ देशांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ या अभ्यासात नव्या रिव्हारोक्सबॅनपेक्षा जुन्या औषधांचे परिणाम अशा रुग्णांत चांगले दिसले.

लय पूर्ववत झाली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी थांबवू नये. अ‍ॅब्लेशननंतर किमान दोन ते तीन महिने ती आवश्यक असते. पुढे ती चालू ठेवायची की नाही, हे ठोक्यांवरून नव्हे तर वय, रक्तदाब, मधुमेह आदींवरून पक्षाघाताचा धोका मोजून ठरविले जाते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी या औषधांसोबत घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी ठोक्यांचा वेग वाढतो. कोणतेही नवे औषध, काढा किंवा जडीबुटी घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

केव्हा थांबू नये?

चालताना छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, विश्रांती घेऊनही नाडी १२० च्या वर राहणे आणि सोबत दम लागणे, पायांवर सूज येऊन दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढणे, काळी शौचास होणे, जांघेतील जखमेतून रक्त येणे किंवा तेथे गाठ वाढत जाणे या खुणा दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे होत. तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ व रुग्णाच्या औषधांची नावे सांगावीत.

अ‍ॅब्लेशननंतर एक ते आठ आठवड्यांच्या दरम्यान ताप, गिळताना वेदना आणि छातीत दुखणे अशी तक्रार एकत्र उद्भवली तर ती साधी समजू नये. हृदयामागील अन्ननलिकेला इजा झाल्याची ती खूण असू शकते. हा प्रकार अतिशय विरळा, परंतु प्राणघातक आहे. अशा वेळी गावातील डॉक्टरांना प्रक्रियेची माहिती देऊन जिथे ती झाली त्या रुग्णालयाशी तातडीने संपर्क साधावा.

या कारणांसाठी प्रत्येक रुग्णाने डिस्चार्ज कार्ड, अखेरचा ईसीजी आणि औषधांची यादी यांची प्रत घरात हाताशी ठेवावी. पेसमेकर असलेल्याने त्याचे ओळखपत्र खिशात बाळगावे. पेण आणि रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. धडधड होत असतानाच तेथे काढलेला ईसीजी, चार दिवसांनी मुंबईत काढलेल्या नियमित ईसीजीपेक्षा निदानाला अधिक उपयोगी पडतो.

घरच्यांचे काम

या सर्वांत कुटुंबाचा वाटा मोठा आहे. रुग्णाला काम करू न देणे ही सेवा नव्हे. त्याच्यासोबत रोज अर्धा तास चालणे, ही खरी सेवा. चालणारा एकटा असेल तर पावसाचे, पाहुण्यांचे किंवा कंटाळ्याचे निमित्त होते. सोबत असली की क्रम टिकतो आणि बोलण्याची कसोटीही आपोआप होते. भीती, झोप न लागणे, उदासपणा तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकला तर तोही डॉक्टरांना सांगावा. त्यावर उपचार आहेत आणि ते घेतल्याने हृदयाचा लाभच होतो.

मोठ्या शहरांत काही रुग्णालयांत हृदयरुग्णांसाठी पुनर्वसन केंद्रे असतात. पेण-रोह्याच्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा तेथे जाणे परवडणारे नाही. परंतु या पुनर्वसनाचा गाभा असलेल्या गोष्टींना यंत्रे लागत नाहीत. सपाट रस्ता, पायांत बसणारी चप्पल, एक वही, ठरल्या वेळची गोळी आणि सोबतीला घरचे कोणी, एवढ्यावर त्याचा बराचसा भाग साधता येतो. प्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने असे नेमाने गेले, तर जिना चढताना लागणारा दम हळूहळू कमी होत जातो. तोवर थकव्याला घाबरून अंथरूण धरू नये आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करून धावूही नये.